धाकटीचा दुखवटा

आवाजबंद खोलीतले म्हातारबुवा सारखे बटण दाबत होते, आणि तिने अजून एकही आवाज वाजवला नव्हता. असे पुष्कळ येतात. जाड भिंतींच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो. नापास होण्यापेक्षा नसलेला आवाज ऐकलेला बरा, असं त्याला वाटत असावं. ती काचेच्या अलीकडे यंत्रापुढे बसून धीराने वाट पाहते. कर्णयंत्रांच्या या दुकानात तिची उमेदीची वर्षं गेली होती आणि न वाजलेल्या आवाजांबद्दल तिने कधी कुणाला टाकून बोललेलं नव्हतं. म्हातारबुवांची सून बाहेर बाकावर बसून जांभया देत होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. टपालकाकांचा निरोप होता. ‘मास्तरीण सुटली. रविवारी सकाळी तुझ्याकडे येते म्हणते. जिने पत्रं लिहिली तिला भेटायचंय म्हणते. मी काही बोललेलो नाही, तुझं तू सांग.’ तिने निरोप वाचला, फोन पालथा घातला आणि भलतीच कळ दाबली. इतका मोठा आवाज म्हातारबुवांच्या कानात गेला की ते दचकून उभेच राहिले. बटण मात्र त्यांनी दाबलं नाही. त्या निरोपाने आपल्याला आनंद नावालाही झालेला नाही, हे तिला त्या काचेसमोर बसल्या बसल्या स्वच्छ कळलं.

आनंद व्हायला हवा होता. गेली कित्येक वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी शिवणक्लासच्या वरच्या खोलीत जी दहाबारा माणसं जमत, ती याच एका दिवसासाठी तर जमत. खाली मशिनं खडखडत, वर पेनं कुरकुरत. तुरुंगात डांबलेल्या चळवळीतल्या माणसांना पत्रं लिहायची, एवढंच त्यांचं काम. टपालकाकांनी टपालखात्याचं तोंडही नोकरीसाठी कधी पाहिलं नव्हतं, जन्म त्यांनी छापखान्यात खिळे जुळवण्यात काढला. पण सगळ्यांची पाकिटं तपासून, चिकटवून, पेटीत नेऊन टाकायचं काम त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं आणि हे नाव मिळवलं. नियम त्यांचेच. राजकारण लिहायचं नाही, कुणाचं नाव लिहायचं नाही, तुरुंगात पत्रं तपासणाऱ्याच्या काळ्या शाईला कामाला लावेल असं काहीच लिहायचं नाही. “त्यांना आपण काय डोंबलाची क्रांती शिकवणार?” ते म्हणत. “त्यांना बाहेरचा गुरुवार पाठवा. खिडकीत काय दिसलं, भाजी करपली का, शेजारी भांडले का. तेवढंच त्यांच्याकडे नाही.” तिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या वाट्याला मास्तरीण आली. भूगोल शिकवणारी बाई. वस्ती पाडायला यंत्रं आली तेव्हा वर्गातल्या मुलांच्या आयांना घेऊन त्यांच्यापुढे रस्त्यात बसली, आणि आत गेली. खटला उभाच राहीना. तारीख पडे आणि पुढे जाई. फोटो पाठवायला बंदी, भेटीला रक्ताचं नातं लागे, म्हणून ताईने मास्तरणीला आणि मास्तरणीने ताईला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी ताई तिच्याबद्दल बोलायची ती गल्लीतल्या मैत्रिणीबद्दल बोलावं तशी. आज काय लिहिलंय बघ गं मास्तरणीने, म्हणायची, आणि वाचून मात्र दाखवायची नाही. पत्र घडी करून ब्लाउजात ठेवायची आणि चहा करायला उठायची. तो चहा धाकटीसाठी असे, पण बोलता बोलता स्वतःच पिऊन टाकायची.

धाकटी म्हणजे हीच. वय पन्नाशीला टेकलं होतं तरी ताईच्या तोंडी धाकटी, म्हणून शेजाऱ्यांच्या तोंडी धाकटी, टपालकाकांच्याही तोंडी तेच. दोघींचंही लग्न झालं नाही. ताईने करून घेतलं नाही आणि धाकटीला कुणी विचारलं नाही, असं ताईच चारचौघांत सांगे आणि धाकटीच आधी हसे. मग एका सकाळी ताई बाथरूमच्या दारातच बसली ती उठली नाही. सगळं उरकल्यावर दोनेक महिन्यांनी टपालकाका घरी आले आणि मास्तरणीची चार पत्रं टेबलावर ठेवून बराच वेळ टोपी चाळवत बसले. आत एका कैद्याला बाहेरच्या एकाच माणसाची पत्रं चालत. ते नाव सुरुवातीला लिहून घेतलेलं. ते माणूस मेलं असं तिथे कळलं तर नाव खोडलं जाईल, आणि नवं नाव चढवायला वर्ष लागेल, दोन लागतील, लागणारही नाही. “ताईच्याच नावाने लिही,” काका म्हणाले. “पाप लागलं तर मला लागेल.” तिने लिहायला घेतलं. स्वतःच्या चष्म्यातून अक्षर स्वतःचं येई, बुटकं, एकमेकांना चिकटलेलं. ताईचा चष्मा चढवला की ओळी धूसर होत आणि हात नाइलाजाने मोठा, सैल फिरे; ताईचं अक्षर पडे. डोकं दुखायचं. पण पत्र व्हायचं.

चूक झाली ती पहिल्याच पत्रात. दोन महिने पत्र का नव्हतं याचं काहीतरी कारण द्यायला हवं होतं, आणि धाकटीला खोटं सुचायला वेळ लागतो. तिने खरं तेवढंच लिहिलं. घरात एक माणूस गेलं, म्हणून लिहिणं झालं नाही. खाली मास्तरणीने विचारलेल्या दोन गोष्टींची उत्तरं लिहिली. पाकीट पेटीत पडल्यावर रस्त्याच्या मधोमध तिच्या लक्षात आलं की घरात माणसं होती दोन. एक जर पत्र लिहीत असेल तर गेलं कोण? रिक्षावाल्याने शिवी दिली तेव्हा ती बाजूला झाली. महिन्याने उत्तर आलं. दुखवट्याचं. ‘ताई, तुझी धाकटी गेली हे वाचून दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसले. मी तिला पाहिलं नाही, पण तुझ्या पत्रांतून ती माझ्या खोलीत येऊन जाऊन असायची. दुसऱ्याला चहा करायचा आणि आपणच पिऊन टाकायचा. समोरचा बोलत असताना गुणगुणायचं आणि आपण गुणगुणतोय हे गावी नसायचं. कुणी रडायला लागलं की एवढी चिडायची की रडणारा रडणं विसरून तिची समजूत काढायचा. असं माणूस गेल्यावर घर कसं राहतं? मी इथे तीन रात्री तिच्यासाठी जागले. बाकीच्यांना सांगितलं, माझी बहीण गेली.’ धाकटीने ते पत्र उभ्यानेच वाचलं, आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ढसाढसा रडली. ताईसाठी नाही, स्वतःसाठी. मेल्यावर आपल्यामागे कुणी जागेल असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं. चहा पिऊन टाकणारी, गुणगुणणारी तर ताई होती. पण लहानपणापासून ताई बशी फोडायची आणि नाव धाकटीचं सांगायची. पत्रांतही तेच केलं असणार. आपल्या सगळ्या खोडी धाकटीच्या अंगाला लावून मोकळी. तरी तिने ते मास्तरणीला कळवलं नाही. आधी वाटलं, पुढच्या पत्रात लिहू. मग वाटलं, लिहिलं तर ताई मरेल. बाहेर ती मेलीच होती, तिचा दाखला कपाटात होता. पण त्या भिंतींच्या आत, जिथे कुणाला जाता येत नव्हतं, तिथे ताई धडधाकट होती. बदल्यात धाकटीला मरावं लागलं होतं, आणि हा सौदा तिला महाग वाटला नाही.

मग दर गुरुवारी ताई थोडी थोडी जगू लागली. गुरुवारी दुपारनंतर दुकान बंद असे, तेव्हा धाकटी जेवण आटोपून टेबलाशी पत्र लिही आणि संध्याकाळी काकांच्या हवाली करी. पत्रातल्या ताईची दाढ दुखू लागली, मग काढावी लागली. तिने जिन्यात कुंडी ठेवली. वरच्या बिऱ्हाडाशी भांडली, गोड झाली. मास्तरीण प्रश्न फार विचारी, एकेका पत्रात वीसवीस, आणि धाकटी एकेकाचं उत्तर नीट क्रमाने देई. कुंडीबद्दल विचारलं म्हणून तिने खरंच कुंडी आणली. दाढ आधी लिहिली आणि मग दुखली. मास्तरणीने एकदा लिहिलं, डाव्या कानात समुद्र शिरलाय; कशाने, ते काळ्या शाईखाली गेलं होतं. तर तिने कानाचा पडदा, ओलावा, कापसाचा बोळा, सगळं सविस्तर लिहिलं आणि काळ्या शाईने त्यातलं काहीच खाल्लं नाही. ताईच्या चष्म्याने डोकं दुखायचं कधी थांबलं ते तिला कळलं नाही. चष्म्याच्या दुकानात गेली तेव्हा तो माणूस जुना आणि नवा नंबर पुन्हा पुन्हा पाहत राहिला. आता ताईचाच चष्मा तिला बरोबर बसत होता. वय झालं की नंबर बदलतात, तो म्हणाला. बदलतात. पण ती खुर्ची? आतल्या खोलीत खिडकीशी ताईची वेताची खुर्ची होती. तिचे आवाज दोन. बसताना एक लांब करकर, आणि उठताना दोन तुटक, जणू सुटका झाल्यासारखे. धाकटी टेबलाशी बसून पेनाचं टोपण काढी, आणि आतून ती लांब करकर येई. वेत आहे, हवेने वाजतो, हे तिला समजत होतं. कानांचीच नोकरी तिची. पहिल्यांदा ती उठून पाहून आली. नंतर उठेनाशी झाली. तिला भीती खुर्ची वाजते याची नव्हती. भीती याची होती की बसल्याचा आवाज दर गुरुवारी येतो, आणि उठल्याचा एकदाही आला नाही.

एकदा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा ती स्वतःच आवाजबंद खोलीत जाऊन बसली आणि दुकानाच्या डॉक्टरांना म्हणाली, माझे कान तपासा. तिथे आत गेलं की पहिल्यांदा आपलं रक्त ऐकू येतं, मग तेही ओळखीचं होतं. ती डोळे मिटून बसली. बारीक आवाज येत गेले, ती अंगठ्याने बटण दाबत गेली. बाहेर आली तेव्हा डॉक्टर कागदाकडे बघत होते. “कान उत्तम आहेत तुमचे,” ते म्हणाले. “फक्त मध्ये मला फोन आला, मी काहीच वाजवत नव्हतो. तेव्हाही तुम्ही दाबत होतात. अगदी नेमाने.” ती हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्या सुमाराला आणखी एक होऊ लागलं होतं, जे ती कुणाला सांगू शकत नव्हती. रांगेत तिच्यापुढे लोक घुसत, आणि हटकलं तर खरोखर दचकत, तुम्ही दिसलाच नाहीत म्हणत. शेजारीण जिन्यात तिला चुकून ताई म्हणाली आणि चूक दुरुस्त करायचं विसरली. तिने चहा केला की समोरचा माणूस चहावाचून राही आणि त्याचा कप तिच्याच हातात रिकामा होई. मेलेल्या माणसाने जरा तरी फिकं पडायलाच हवं, असं तिला वाटे, आणि तसं वाटण्यात तिला फारसं गैर वाटत नसे. याच काळात मास्तरणीचा जामीन दोनदा फेटाळला गेला. शिवणक्लासच्या वर सगळ्यांचे चेहरे पडले. काकांनी टोपी काढून ठेवली. तीही मान खाली घालून बसली, आणि आत, खोल आत, तिचा जीव भांड्यात पडला. मास्तरीण आत आहे तोवर ताई आहे. हे तिने शब्दांत आणलं नव्हतं. आज काचेसमोर, पालथ्या फोनकडे बघताना, ते शब्दांत आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

“अगं, सांगून टाक ना सरळ,” काका संध्याकाळी फोनवर म्हणाले. “ताई गेली, मी लिहीत होते. रागावेल काय ती? तुरुंग पाहिलाय तिने. उलट हसेल.” “हसेल,” ती म्हणाली. काकांना निम्मंच ठाऊक होतं. ताई गेली हे मास्तरणीला सांगायचं म्हणजे आधी हे सांगावं लागणार की तू जिच्यासाठी तीन रात्री जागलीस ती तुझ्यापुढे उभी आहे, चांगली खातीपिती, आणि तुझा दुखवटा तिने गिळून ढेकरही दिला नाही. दुसरा रस्ताही होता, आणि तो जास्त सोपा होता, म्हणून तिला जास्त भीती वाटत होती. मास्तरणीने ताईचा चेहरा पाहिलेला नव्हता. दार उघडायचं. ताईचा चष्मा लावलेलाच होता, अक्षर होतं, दाढ नव्हती, कुंडी जिन्यात होती. दारात ताई म्हणून उभं राहायचं. एक माणूस तरी या पृथ्वीवर ताईला पाहील, तिच्याशी बोलेल, चहा पिईल. मग धाकटी खरीच गेली असती, आणि कुणाच्या काही लक्षातही आलं नसतं. शनिवारभर तिने फरशी पुसली. खुर्चीच्या खालची पुसताना तिला हात पुढे करवेना, फडकं लांबूनच फिरवलं.

रविवारी सकाळी बेल वाजली. वाजली की नाही याची खात्री नव्हती म्हणून ती थांबली, पुन्हा वाजली. दारात एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, पायांत नवे बूट, ते काढावेत की नाही याच्या विचारात. डाव्या कानात कापसाचा बोळा. ताई असती तर ये म्हणाली असती, धाकटीने या म्हणायला हवं होतं; ती दार पूर्ण उघडून बाजूला झाली. मास्तरीण आत आली. चार पावलं चालून खोलीच्या मधोमध थांबली आणि तिथून वळली, मग आपलं आपल्यालाच हसली. “खोली मोठी आहे हो तुमची,” म्हणाली. “माझे पाय चौथ्या पावलाला वळतात अजून.” मग ती बाहेरच्या खोलीतल्या बाकावर बसली आणि इकडेतिकडे पाहत राहिली. धाकटीने चहा केला, दोन कप. टेबलावर ठेवले. उजव्या हाताने तिने चष्मा सारखा केला, ताई करायची तसा, आणि आता आपण ताई म्हणूनच तोंड उघडणार हे तिला कळलं.

“धाकटीच ना तू?” मास्तरीण म्हणाली.

घरात ती हाक ताईनंतर कुणी मारली नव्हती. धाकटी खाली बसली. तिने मान हलवली. मग तिने सगळं एकदम बोलायला घेतलं, ताई कशी बसली, काका काय म्हणाले, घरात एक माणूस गेलं असं कसं लिहून बसले. तेव्हा मास्तरणीने उजवा कान पुढे केला आणि हाताने तिला थांबवलं. “हळू. एकच कान आहे. मला ठाऊक आहे सगळं. पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं.”

“अक्षरावरून?”

“छे गं. अक्षर तर जसंच्या तसं.” मास्तरीण हसली. “मी दोन प्रश्न विचारले होते, तू दोन्हींची उत्तरं दिलीस. ओळीने. तुझ्या ताईने इतक्या वर्षांत माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. मी विचारायचे पाऊस पडतो का, ती लिहायची जिन्यातल्या मांजराचं. वाचलं आणि कळलं, ती गेली. घरात एक माणूस गेलं म्हणजे तीच गेली.”

“मग ते पत्र? दुखवट्याचं?”

मास्तरणीने नवीन बुटांकडे पाहिलं. “ताई गेली असं मी लिहिलं असतं तर ते पत्रं तपासणाऱ्याने वाचलं असतं, नाव खोडलं असतं. पत्रं संपली असती. तिचा दुखवटा तर मला करायचाच होता, त्याशिवाय मला जेवण जाईना. मग तुझ्या नावावर केला. तो चहा, ते गुणगुणणं, ते चिडणं, सगळं तिचंच. तिने स्वतःच लिहिलेलं, स्वतःला हसत. वाटलं, तुला वाचल्याबरोबर कळेल. सांत्वन तुझंच करत होते मी. तुला मारलं मी, बाई. दुसरा इलाज नव्हता. पुढे मी मुद्दाम प्रश्न वाढवले. कुणीतरी उत्तरं देतंय याची मला चटक लागली होती. ताईची पत्रं छान होती. पण तू विचारलेलं सांगायचीस.”

धाकटीला धड रडू येईना, धड हसू येईना. इतका काळ ती ज्या भिंतींच्या आत ताईला जिवंत समजत होती, तिथे ताई पहिल्याच महिन्यात गेली होती. तिच्यासाठी तीन रात्री कुणी जागलंही होतं. आणि ज्या धाकटीला तिने तिथे मेलेली धरलं होतं, तिच्या पत्राची तिथे कुणी दर आठवड्याला वाट पाहत होतं. मग गुरुवारी टेबलाशी बसून ती कुणाला जिवंत ठेवत होती? घरात लांब करकर करून येऊन बसत होतं ते कोण, आणि कशासाठी अडकून होतं? “ताई कुठेच नव्हती म्हणजे,” ती हळूच म्हणाली. तिने चष्मा काढला आणि घडी करून टेबलावर ठेवला. मास्तरणीचा चेहरा पुसट झाला, पण कप दिसत होते. दोन्ही भरलेले. तिचाही.

तेव्हा आतल्या खोलीतून दोन तुटक आवाज आले, एकामागून एक.

धाकटीचा अंगठा टेबलाच्या कडेवर आपोआप दाबला गेला. ती हलली नाही. वेत आहे, वाजतो, असं ती म्हणणारच होती, पण मास्तरणीने मान वळवली होती, चांगला कान दाराकडे केला होता, आणि तुरुंगात पहारा बदलताना ऐकत असेल तशी ती श्वास धरून ऐकत होती.

“आत कुणी होतं का?” मास्तरीण म्हणाली. “उठल्यासारखं वाटलं.”

“होतं,” धाकटी म्हणाली. “चहा घ्या, गार होतोय.”